चौथा आकडा

काम तसं अर्ध्या तासाचं होतं. बाबांची खोली रिकामी करायची, पत्र्याची पेटी नि दोन चादरी घ्यायच्या, दिवेलागणीच्या आत किल्ली खाली पुस्तकं बांधणाऱ्या बाईंडरकाकूंकडे द्यायची आणि घरी यायचं. आईनं निघताना बजावलं होतं, "वह्या आणू नकोस. रद्दीवाल्याला सांग. सतरा वर्षं त्या माणसानं त्या आकड्याशी संसार केला, आता मला तो घरात नको."

थोरली 'बरं' म्हणाली. घरात तिला सगळे थोरलीच म्हणायचे. धाकटीला जाऊन सतरा वर्षं झाली तरी तिचं थोरलेपण काही सुटलं नव्हतं. मुळात ती भित्री. दाराची कडी वाजली तरी दचकायची, कुणी मागून हाक मारली तर हातातलं भांडं पडायचं. त्या दिवशी तर तिच्या पर्समध्ये एक चिठ्ठी होती, आणि त्या चिठ्ठीपायी ती बस थांब्यावरून दोनदा माघारी वळली होती.

खोली छापखान्याच्या वर होती. बाबा खाली मुद्रितशोधक होते. लॉगॅरिदमची कोष्टकं, वेळापत्रकं, पंचवीस पानं नुसत्या आकड्यांची, असली कामं त्यांच्याकडे यायची. उलटा पडलेला सहा त्यांना हातभर अंतरावरून दिसायचा. आकड्यांच्या प्रुफांचा तिथं एक नियम होता: डोळ्यांवर विसंबायचं नाही. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, एकेक आकडा सुटा करून. दुसऱ्यानं छापलेल्यावर बोट ठेवून 'हं' म्हणायचं. 'हं' आलं नाही तर वाचणारा पुढे जात नसे. शेवटचा आकडा झाला की वाचणारा म्हणायचा, "सोडा." मगच पान छपाईला जायचं.

काकूंनी किल्ली दिली. त्यांच्या हाताला खळ लागलेली होती, किल्लीही चिकट झाली.

"आज लवकर आलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "रोज बाई तू तिन्हीसांजेला येतेस नि न भेटताच जातेस. काकू परकी झाली का?"

"मी? मी आजच येतेय, काकू. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच."

काकूंनी पुठ्ठ्यावरचा हात उचलला नाही. "मग वर वाचत कोण असतं?"

थोरलीनं ती चिकट किल्ली मुठीत धरली.

"असेल बाई, पलीकडच्या घरातलं येत असेल," काकू मग घाईनं म्हणाल्या. "भिंती काय, कागदाच्या. पण मला आपलं वाटायचं, आकडेच आहेत म्हणजे तूच. चारच आकडे वाचून थांबतं बघ. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चार. मी म्हटलं, पोरगी दुःखात आहे, वाचू दे." त्यांनी कात्री खाली ठेवली. "साडेपाचला मी जाते. त्याच्या आत उतर."

जिन्यात नेहमीचा वास होता, शाईचा, मशीनच्या तेलाचा, ओल्या पुठ्ठ्याचा. दार उघडल्यावर त्यात तासलेल्या पेन्सिलीचा वास मिसळला. बाबांना जाऊन बारा दिवस झाले होते आणि त्याआधी महिनाभर ते दवाखान्यात होते. तासलेल्या पेन्सिलीचा वास इतके दिवस टिकतो का, हे तिला माहीत नव्हतं. टिकत असेल, असं तिनं ठरवून टाकलं.

एकाच खोलीचे मध्ये प्लायवूडचा आडोसा घालून दोन भाग केले होते. बाहेर बाबांचं टेबल, खुर्ची, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या बासष्ट वह्या. आडोशामागे पूर्वी मुंगीची खाट होती. मुंगी म्हणजे धाकटी. सगळीकडे शिरायची, हाताला लागायची नाही, म्हणून मुंगी. सातव्या वर्षी ती आजारी पडली आणि शेवटचे चार महिने त्या खाटेवरून उठलीच नाही.

बाबा तिला करमावं म्हणून संख्यांच्या गोष्टी सांगायचे. बाराला किती सोबती बघ, दोन आहे, तीन आहे, चार आहे, सहा आहे. आणि तेराला? तेराला कुणी नाही. एक नि तो स्वतः. अशा संख्यांना मूळ संख्या म्हणतात. मुंगीला ते काही पटायचं नाही. तेव्हा थोरली तेरा वर्षांची होती. मुंगी तिला चिडवायची, "तुला कुणी नाही, तुला कुणी नाही." थोरली म्हणायची, "आणि तू सात. तुला तरी कोण आहे गं?" मग दोघी हसायच्या. मुंगीचं हसणं खोकल्यात संपायचं.

एका संध्याकाळी मुंगीनं बोटभर पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर बारा आकडे लिहिले आणि बाबांच्या हातात दिले. "हा माझा आकडा. ह्याला कुणी आहे का बघून ठेवा."

"उद्या बघतो," बाबा म्हणाले. "आज डोळे दमलेत."

पहाटे ती गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी नवी वही काढली. पेन्सिलीचं पुसट होईल म्हणून त्यांनी थोरलीला चिठ्ठीवरचा आकडा वहीत शाईनं उतरवायला सांगितला. तिनं उतरवला. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान लांब धरून, पटापट. मग बाबांनी एका हातात चिठ्ठी नि एका हातात वही घेतली, नियमाप्रमाणे वाचायला तोंड उघडलं आणि "दोन" म्हणून थांबले. त्यांना पुढे वाचवेना. ते अक्षर मुंगीचं होतं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग नुसती बेरीज केली. वहीतल्या आकड्यांची एकतीस, तीन नि एक चार. चिठ्ठीवरच्यांची एकतीस, तीन नि एक चार.

"नवाचा ताळा जुळला," ते म्हणाले, आणि चिठ्ठी तिच्याकडे दिली. "जपून ठेव. मला मात्र परत दाखवू नकोस."

आकड्यांची अदलाबदल झाली तर ताळा ती कधीच पकडत नाही. हे त्या गावात कुणाला ठाऊक असेल तर ते बाबांनाच होतं.

वहीतला आकडा होता २००५६०४९०१३१. वीस हजार छप्पन्न कोटी, चार लाख नव्वद हजार, एकशे एकतीस. बाबांनी त्याला एकेका मूळ संख्येनं भागायला घेतलं, रोज सहा भागाकार, कामावरून आल्यावर, चहाच्या आधी. पहिल्या संध्याकाळी दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. सहाही वेळा बाकी एक. दुसऱ्या संध्याकाळी सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकतीस. पुन्हा प्रत्येक वेळी एक. सदतीसला बारा उरले तेव्हा कुठे ती माळ तुटली. बाबा वहीकडे बघत बसले. "अकरा मूळ संख्या, आणि दर वेळी एकच उरतो," ते म्हणाले. "हा असातसा आकडा नाही गं. आपल्या मुंगीनं विचार करून दिलाय."

त्या दिवसापासून ते त्याच्यात गुंतले ते गुंतलेच. कुणी भेटतंय का हे बघायला चार लाख सत्तेचाळीस हजार आठशे एकोणचाळीसपर्यंत जावं लागणार होतं. त्याच्यापुढे गरज नव्हती. म्हणजे साधारण साडेसदतीस हजार भागाकार. आई दोन वर्षांनी थोरलीला घेऊन मावशीकडे राहायला गेली. भांडण झालं नाही, नुसती बोलणी संपली. थोरली दर रविवारी यायची, आठवड्याचे भागाकार नवाच्या ताळ्यानं तपासायची, आणि प्रत्येकाखाली लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. मुंगीलाही ती खूण करायची भारी हौस होती. पण ती उलटी करायची, लांब पाय डावीकडे. कितीदा दाखवलं तरी उलटीच.

अठराव्या वर्षी, कॉलेजला जाताना, कंपासपेटीच्या तळाशी थोरलीला ती चिठ्ठी सापडली.

२००६५०४९०१३१.

चौथा आकडा सहा होता. पाचवा पाच. तिनं उलटे उतरवले होते. तिथंच उभ्या उभ्या तिनं दोननं भागून पाहिलं, तीननं, पाचनं, आणि मग सातानं. सातानं पूर्ण भाग गेला. काहीसुद्धा उरलं नाही. खरा आकडा उतरवला असता तर बाबांचं काम पहिल्याच संध्याकाळी, चहाच्या आधी, चौथ्या भागाकाराला संपलं असतं. मुंगीच्या आकड्याला सोबत होती. तिच्याच वयाची.

सातच्या पुढे भागून बघायचा तिला धीर झाला नाही. वहीतला चुकीचा आकडा मात्र तिनं कॉलेजच्या संगणकाला घालून पाहिला. तो मूळ संख्या निघाला. म्हणजे बाबा शेवटपर्यंत गेले तरी त्यांना कुणी भेटणार नव्हतं.

पुढच्या रविवारी तिनं चाचरत विचारलं, "बाबा, संगणकावर बघू या का? क्षणात सांगेल तो."

बाबा हसले. त्यांचं हसू फार दिवसांनी दिसलं होतं. "मग उद्यापासून संध्याकाळी मी काय करू?"

त्या रविवारी ती नुसत्या खुणा करून परतली. पुढच्या रविवारी सांगू, असं मनाशी म्हणाली. असे बारा वर्षांचे रविवार गेले. आपण चुकीच्या आकड्याचे बरोबर भागाकार तपासतोय हे ठाऊक असून ती लाल खुणा करत राहिली.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी बाबांनी तिचं मनगट धरलं. "नऊच भागाकार राहिलेत. पण आता कळलंच की. नवात काय मिळणार?" मग बराच वेळ छताकडे बघून म्हणाले, "एकटीच आहे गं ती."

चिठ्ठी तेव्हाही तिच्या पर्समध्ये होती. ती म्हणाली, "हो, बाबा."

म्हणून आज ती आली होती. चादरी नि पेटी हा बहाणा. चिठ्ठी त्या शेवटच्या वहीत ठेवायची, वही मिटायची, दोरी बांधायची. त्यांना कळणार नसलं तरी.

बाहेर धुकं उतरत होतं. खिडकीची काच आधी करडी झाली, मग नुसती पांढरट. खाली काकूंच्या कात्रीचा आवाज येत होता, तोवर तिला बरं वाटत होतं. मग शटर ओढल्याचा आवाज आला. साडेपाच वाजले होते.

थोरली आडोशामागे चादरी घडी करत होती. दोन टोकं जुळवली, हनुवटीखाली धरली, आणि तेवढ्यात आडोशाच्या पलीकडे खुर्ची सरकली.

मांजर असेल, तिनं स्वतःला सांगितलं. दार उघडं राहिलं असेल.

"दोन…"

आवाज मोठा नव्हता. छापखान्यात दिवसभर वाचून घसा बसलेल्या माणसाचा होता, सपाट, घाई नसलेला. तिच्या हनुवटीखालची चादर सुटली.

"शून्य…"

"शून्य…"

"पाच…"

मग काही नाही. पलीकडे कुणीतरी श्वास धरून थांबलं होतं. ती शांतता तिच्या ओळखीची होती. 'हं'ची वाट बघणारी. खिडकीच्या काचेवरून एक थेंब ओघळला तोही तिला ऐकू आला.

"दोन…" पुन्हा पहिल्यापासून.

बारा दिवस, रोज. त्या संध्याकाळी जे वाचता आलं नव्हतं ते आता वाचून होत होतं. आणि रोज चौथ्या आकड्याला अडत होतं, कारण पलीकडे हं म्हणायला कुणी नव्हतं. की दुसरं काही कारण होतं…

पळावं असं तिला वाटलं. पण दार पलीकडच्या भागात होतं, टेबलाच्या बाजूनं.

"दोन…"

"हं," थोरली म्हणाली. ओठ हलले एवढंच.

"शून्य…"

"हं."

"शून्य…"

"हं."

"पाच…"

तिनं पर्स छातीशी घट्ट धरली. चिठ्ठी काढायची गरज नव्हती. पलीकडे वाट बघणं चालू होतं. रागाचं नव्हतं ते.

"सहा," ती म्हणाली. "बाबा, तिथं सहा आहे. पाच त्याच्यानंतर. माझ्या हातनं उलटं झालं. मला… बारा वर्षांपासून माहीत होतं."

प्लायवूडला कुणी तरी पलीकडून टेकल्यासारखा तो बारीक करकरला.

"…सहा," आवाज म्हणाला.

"हं."

"पाच…"

"हं."

"शून्य…"

"हं."

"चार…"

आणि इथं तिच्या लक्षात आलं, की तिच्या 'हं'च्या किंचित आधी आणखी एक 'हं' येतोय. आडोशाच्या पलीकडून नव्हे. अलीकडून. तिच्या पाठीमागून, जिथं खाट असायची तिथून, तिच्या कमरेएवढ्या उंचीवरून. पुढच्या दातांत फट असली की जसा येतो तसा, हवा मिसळलेला.

"नऊ…"

"हं." "हं."

ती वळली नाही. बाबा वाचत गेले. शून्य, एक, तीन. दर वेळी दोन हं. कमरेशी तिला ज्वराची ऊब जाणवत होती, कुणाचं तरी कपाळ टेकणार असल्यासारखी.

"एक…"

"हं," थोरली एकटीच म्हणाली.

"सोडा," पलीकडून आवाज आला.

मग कागदावर पेन्सिल चालू लागली. बाबांची पेन्सिल कशी चालते ते तिला पाठ होतं. आकडा, आकडा, मग खाली रेघ. असं चार वेळा. चौथ्या रेघेनंतर पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, आणि खोली एकदम रिकामी झाली. पाठीमागची ऊबही गेली.

ती पलीकडे गेली तेव्हा खुर्ची टेबलात सारलेली होती. शेवटची वही उघडी होती, कोऱ्या पानावर बाबांचं अक्षर. वर २००६५०४९०१३१. दोननं भागून बाकी एक. तीननं भागून एक. पाचनं भागून एक. सातानं भागून २८६६४३५५७३३, बाकी शून्य. त्या शून्याखाली लाल पेन्सिलीची बरोबरची खूण होती. उलटी. लांब पाय डावीकडे.

चादरी तिथंच राहिल्या. तिनं वही छातीशी धरली आणि जिना कसा उतरला ते तिला आठवत नाही.

घरी आईनं वही तिच्या हातातून घेतली. तिनं ती उघडली, ते पान बराच वेळ बघितलं, उलट्या खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "राहू दे इथंच. माझ्या उशाशी ठेव."

"रद्दीत टाक म्हणालीस ना?"

"मेलं काहीतरी म्हणाले असेन."

दुसऱ्या संध्याकाळी आई दिवा लावायला उठली तेव्हा वही उघडी होती. सातानं भागून आलेला आकडा पानाच्या माथ्यावर घेतला होता. पुन्हा सातानं भागून बाकी सहा. अकरानं भागून बाकी दोन. तेरानं भागून २२०४९५०४४१. बाकी शून्य.

थोरली त्या तेराकडे बघत राहिली. ती संध्याकाळ, दोघी हसल्या होत्या ती. तुला कुणी नाही. आणि तुला तरी कोण आहे गं? मुंगीनं त्या बारा आकड्यांत आधी स्वतःला घातलं होतं आणि शेजारी हिला. सात वर्षांच्या पोरीला ते जमलं कसं, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. आई तोंडात पदर धरून रडली, सतरा वर्षांत पहिल्यांदा थोरलीच्या देखत.

इथं थांबायला हरकत नव्हती. पण वही थांबली नाही. उरलेल्या आकड्याचा आता रोज एकच भागाकार होतो. तेराच पुन्हा, सतरा, एकोणीस, असे ओळीनं. पेन्सिलीचा आवाज कधी येत नाही. संध्याकाळी तो पानावर मांडलेला असतो आणि प्रत्येकाखाली लाल उलटी खूण असते. आता काय शोधताय, बाबा, असं थोरलीनं एकदा वहीला विचारलं. मग तिचं तिलाच कळलं. मुंगी गेली त्या वर्षी बाबा एकेचाळीस वर्षांचे होते. तिच्या आकड्यात ते स्वतःला शोधत होते.

काल एकेचाळीसचा भागाकार झाला. भाग गेला नाही. दोन उरले. ते दोन बाबांनी पुन्हा गिरवलेत, कागद फाटायला आलाय इतके.

त्याच्याखाली मात्र बरोबरच्या दोन खुणा आहेत. एक नेहमीची उलटी. तिला खेटून दुसरी, सरळ, शेवटाला जराशी वळवलेली, थोरली करते तशी. थोरलीनं काल दिवसभर वहीला हात लावलेला नाही. लाल पेन्सिल तर ती त्या दिवशी खोलीतच विसरून आली होती. पण आज सकाळी उठली तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं लाल होती, आणि साबणानं तीनदा धुतली तरी तो रंग अजून गेलेला नाही.